गोपाळ कृष्ण गोखले
गोपाळ कृष्ण गोखले (९ मे, १८६६ – १९ फेब्रुवारी, १९१५) हे भारतीय राजकीय नेते व भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. सार्वजनिक प्रश्नांच्या काटेकोर अभ्यासाची शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मिळाली. देशकार्य फावल्या वेळात होत नाही, त्यासाठी प्रशिक्षित पूर्णवेळ कार्यकर्ते हवेत, या विचाराने त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात ही संस्था स्थापन केली. नव्या सदस्यास पाच वर्षे अभ्यास व देशपर्यटन करावे लागे. वेतन निर्वाहापुरतेच असे. येथे आलेल्या ना. म. जोशी यांनी पुढे कामगार चळवळ बांधली. ठक्कर बाप्पांनी तर मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये सदस्यत्व घेतले आणि १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ काढले. महात्मा गांधींच्या प्रवेशाबाबत मात्र सदस्यांत मतभेद होते. गोखल्यांच्या निधनानंतर गांधींनी आपला अर्ज मागे घेतला.