माल्थसचा हिशेब

लोकसंख्या आणि अन्न ह्यांविषयी चार शिकलेली माणसे बोलू लागली की माल्थसचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. एक त्याला द्रष्टा म्हणतो, दुसरा गरिबांचा वैरी म्हणतो. आणि त्याचा ग्रंथ मात्र बहुधा दोघांपैकी एकानेही उघडलेला नसतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा दिवस रोजमेळ आणि खतावणी ह्यांत जातो. हिशेब कोठे बरोबर आहे आणि कोठे चुकीची रक्कम धरली आहे, हे हुडकण्याची सवय त्यांस आमच्यापेक्षा अधिक. म्हणून ज्या इंग्रज पाद्र्याची शिकवण पुणे जिल्ह्याच्या शेतसाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली, त्याचे चरित्र आज त्यांच्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

टॉमस रॉबर्ट माल्थस ह्याचा जन्म सन १७६६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील सरे परगण्यात, डॉर्किंग गावाजवळ झाला. बाप डॅनियल हा सुखवस्तू, वाचनाचा नादी आणि रूसोचा भक्त. मूल काही आठवड्यांचे असतानाच रूसो व ह्यूम हे दोघे तत्त्वज्ञ त्या घरी येऊन गेले. मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता व त्यामुळे त्याचे बोलणे आयुष्यभर अस्पष्ट राहिले. अशा मनुष्याने पुढे उपदेशकाचा व अध्यापकाचा, म्हणजे दोन्ही जिभेवरच चालणारे, असे व्यवसाय पत्करावे ह्यात त्याचा धीर दिसतो. केंब्रिज येथील जीझस कॉलेजातून १७८८ साली तो गणिताच्या परीक्षेत नववा रँग्लर झाला. (ही पदवी आपल्याकडे परांजप्यांमुळे घरोघर ठाऊक झाली, ते १८९९ साली पहिले आले होते.) नंतर धर्मदीक्षा घेऊन तो सरेमधील ओकवुडच्या लहानशा प्रार्थनामंदिरात उपाध्याय झाला.

त्याचा प्रसिद्ध निबंध निघाला तो बापलेकांच्या वादातून. फ्रान्सातील राज्यक्रांतीच्या त्या दिवसांत गॉडविन व काँदोर्से ह्यांनी असे मांडले होते की, राज्यपद्धती सुधारली म्हणजे मनुष्यजातीचे दारिद्र्य व दुःख नाहीसे होईल. बापास हे पटत असे, मुलास पटेना. सन १७९८ मध्ये त्याने आपले उत्तर नाव न घालता छापले. त्यातील मुख्य गोष्ट कोणाही सावकाराच्या ध्यानात क्षणात येईल. प्रजा वाढते ती चक्रवाढ व्याजाने, अन्न वाढते ते सरळ व्याजाने. दर २५ वर्षांनी प्रजा दुप्पट धरली तर एकाचे दोन, दोनाचे चार, असे होत दोनशे वर्षांत २५६ होतील. अन्न मात्र एक, दोन, तीन ह्या पायऱ्यांनी ९ वर येईल. तीनशे वर्षांनी हेच प्रमाण ४०९६ ला १३ असे पडेल. प्रजा खरोखर इतकी वाढते असे मात्र तो म्हणत नाही. रोग, दुष्काळ, युद्ध आणि उशिरा होणारे विवाह तिला मागे ओढतात, आणि अन्नाची मर्यादा हेच त्यांचे मूळ कारण, एवढे त्याचे म्हणणे.

आम्ही वकिली केलेली असल्यामुळे ह्या ठिकाणी साक्षीपुरावा पाहतो. पहिल्या श्रेणीस साक्षीदार आहे: उत्तर अमेरिकेतील वसाहतींत प्रजा सुमारे २५ वर्षांत दुप्पट झाली होती. दुसऱ्या श्रेणीस साक्षीदारच नाही. जमिनीतून दर पंचवीस वर्षांनी एवढेच अधिक निघेल, ह्याहून जास्त धरणे असंभाव्य, असे त्याने सांगितले आणि तो पुढे गेला. गुणाकारात चूक नव्हती; चूक जमेच्या रकमेत होती. त्या वेळी जगात सुमारे १०० कोटी माणसे होती. सन २०२२ मध्ये ती ८०० कोटी झाली, आणि अन्न त्यांच्यापेक्षा वेगाने वाढले. बेल्जमचा गणिती व्हेरहुल्स्ट ह्याने १८३८ साली हाच हिशेब निराळ्या रीतीने मांडला. संख्या मर्यादेच्या जवळ येऊ लागली की वाढीचा वेग आपोआप मंदावतो, असे त्याचे सूत्र. ह्याच सूत्रावरून पुढे मत्स्यशास्त्रज्ञांनी असे काढले की, समुद्रातील मासळी तिच्या पूर्ण संख्येच्या निम्म्यावर असता तिची वाढ सर्वांत अधिक होते, आणि तेवढीच वाढ दरसाल पकडल्यास भांडवलास धक्का लागत नाही.

माल्थसचा एक गुण त्याच्या टीकाकारांनीही घेण्यासारखा आहे. निबंध गाजल्यावर तो घरी बसला नाही. १७९९ साली नॉर्वे, स्वीडन व रशिया येथे हिंडून त्याने जन्ममृत्यूंचे आकडे जमविले, आणि १८०३ साली कित्येक पट मोठी दुसरी आवृत्ती स्वतःच्या नावाने काढली. ब्रिटनची वस्ती पहिल्या निबंधात त्याने ७० लाख धरली होती. १८०१ च्या पहिल्या खानेसुमारीत ती एक कोटीहून अधिक भरली! दुसऱ्या आवृत्तीत हिंदुस्थानावरही एक प्रकरण आहे. परंतु येथे तो कधी आला नव्हता, आणि सर विल्यम जोन्स ह्याने भाषांतरिलेल्या मनुस्मृतीवर त्याने पुष्कळ भिस्त ठेविली. ज्यास काम नाही त्यास सृष्टीच्या पंगतीत पान नाही, अशा अर्थाचा एक कठोर उतारा ह्याच आवृत्तीत होता. तो त्याने पुढच्या आवृत्तीतून काढला, पण लोकांनी तेवढाच लक्षात ठेविला. सन १८०४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने विवाह केला. त्यास तीन मुले झाली. अकरा मुली झाल्याची कथा निव्वळ कुचेष्टा होय. संततिनियमनाची कृत्रिम साधने त्यास मान्य नव्हती. उशिरा विवाह व तोपर्यंत संयम एवढाच त्याचा उपाय. असे असता, १८७७ साली विलायतेत ह्याच साधनांच्या प्रचारासाठी निघालेल्या संस्थेने त्याचेच नाव घेतले. आपल्याकडे प्रजा कमी वाढू लागली ती उपदेशाने नव्हे. मुली शिकल्या, त्यांचे लग्नाचे वय वाढले, झालेली मुले जगू लागली, आणि २०१९–२१ च्या पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये दोनवर आली.

ह्यापुढील भाग आमच्या देशाशी लागतो. सन १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठी जे कॉलेज काढले, त्यात माल्थस इतिहास व अर्थशास्त्राचा अध्यापक झाला. हे कॉलेज लवकरच हेलीबरी येथे गेले. विद्यार्थी त्यास लाडाने ‘पॉप’ म्हणत. पंधरा-सोळा वर्षांची मुले त्याच्या वर्गातून उठत आणि थोड्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यांचे अधिकारी होत. आमच्या देशातील भूक हा सृष्टीचा नियम होय, राज्यकर्त्यांचा दोष नव्हे, असे मानण्यास ह्या शिकवणीचा मोठा आधार मिळाला. सन १८७६–७८ च्या दुष्काळात लॉर्ड लिटन ह्याने प्रजा अन्नापेक्षा वेगाने वाढते असेच प्रतिपादिले. त्याच दिवसांत येथला गहू विलायतेस जात होता. आणि माल्थस स्वतः मात्र १८१५ साली स्वदेशाने परकी धान्यावर विसंबू नये म्हणून धान्याच्या आयातीवर निर्बंध असावेत असे लिहीत होता.

परंतु दुष्काळाच्या आधीची, आमच्या घराजवळची गोष्ट शेतसाऱ्याची. त्याच १८१५ साली माल्थसने जमिनीच्या खंडावर पुस्तक लिहिले. एकंदर उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जी शिल्लक उरते ती खंड, ही त्यातील उपपत्ती; रिकार्डोनेही ती स्वीकारून पुढे नेली. माल्थसच्या वर्गातील एक हुशार विद्यार्थी, रॉबर्ट कीथ प्रिंगल, पुण्यास नोकरीवर आला. कंपनी सरकारने १८२० नंतरच्या दशकात त्याच्याकडे जमिनीची मोजणी सोपविली तेव्हा त्याने गुरूचे सूत्र जसेच्या तसे बांधावर आणले. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे पीक धरावे, बियाणे, बैल व मजुरी वजा करावी, आणि निव्वळ शिलकेपैकी शेकडा ५५ सरकारात घ्यावे. कागदावर ह्यापेक्षा न्याय्य काय असणार? पण शेतांची मापे चुकीची होती, खालच्या कारकुनांनी दिलेले आकडे खोटे होते, आणि धान्याचे भाव उतरत चालले होते. सारा वसूल होईना. वसुलीसाठी कुणब्यांचा छळ झाला, पुष्कळ कुटुंबे गाव सोडून शेजारच्या संस्थानांत पळाली, आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी एकतृतीयांशाहून अधिक कोणी धरली नाही.

माल्थस १८३४ च्या डिसेंबरात बाथ येथे वारला. तेथील मोठ्या मंदिरात त्यास पुरले आहे. पुढच्याच वर्षी इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड नवी पाहणी करू लागला व विंगेट त्यास येऊन मिळाला. त्यांनी निव्वळ शिलकेचे त्रैराशिक बाजूला ठेविले. मातीची प्रत पाहिली, मागील वर्षांत खरोखर किती वसूल आला होता हे दप्तरातून काढले, दर उतरविले आणि ते तीस वर्षे वाढणार नाहीत असे वचन दिले. पडीक शेते पुन्हा नांगराखाली येऊ लागली.