संगीतरत्न अब्दुल करीम खां

मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे जाण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांस केव्हा ना केव्हा आलाच असेल. माधवनगराहून मिरज काही फार दूर नाही. इस्पितळासाठी, आगगाडी बदलण्यासाठी, किंवा तंबोऱ्याची जवारी काढून घेण्यासाठी आपल्याकडचा माणूस तेथे जातच असतो. परंतु त्या दर्ग्याच्या आवारात ज्यांची कबर आहे, त्या खांसाहेब अब्दुल करीम खां यांचे चरित्र पुष्कळांस ठाऊक नसते. ते गवई होते व त्यांचा गळा फार गोड होता, एवढे सांगून लोक थांबतात. तेवढेच असते तर या अंकाची पाने त्यांच्यासाठी आम्ही अडविली नसती. एक मुसलमान गवई, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक सांगलीकर सेवानिवृत्त अधिकारी अशी तीन माणसे एकाच प्रश्नात गुंतली आणि त्याची चर्चा चार भिंतींत न ठेवता त्यांनी ती लोकांपुढे मांडली. ती हकीकत विद्यार्थ्यांस कळावी, असे आम्हांस वाटते.

खांसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. या गावावरूनच त्यांच्या गायकीस किराणा घराणे हे नाव पडले. घराण्यात संगीत पिढीजाद होते. वडील काले खां व चुलते अब्दुल्ला खां यांजपाशी त्यांचे शिक्षण झाले. गाण्याबरोबर सारंगी व बीन या वाद्यांवरही त्यांनी हात बसविला. पुढे वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः करीत. तंबोरा लावण्यात त्यांना लागणारा वेळ आणि त्या कामी त्यांचा चोखंदळपणा यांच्या गोष्टी त्यांच्या शिष्यवर्गात पुष्कळ दिवस सांगितल्या जात. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीत तिचा संबंध येणार आहे.

तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांजसह बडोद्यास आले आणि दरबारी गवई झाले. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई यांस शिकविण्याचा योग आला. त्यातून उभयतांचा स्नेह जडला व त्या विवाहामुळे त्यांना बडोदे सोडावे लागले. मुंबई, मिरज, पुणे अशी त्यांची भ्रमंती तेव्हापासून सुरू झाली. परमुलखातला हा गवई अशा रीतीने महाराष्ट्राचा झाला.

त्या काळी गवयांची विद्या म्हणजे कुलपातील ठेवा असे. मुलगा, पुतण्या, फार तर वर्षानुवर्षे चिलीम भरून देणारा एखादा शिष्य, यांजपलीकडे ती सहसा जात नसे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही; चीज हीच त्यांची शेतीवाडी होती व ती परक्याच्या हाती देणे म्हणजे पोटावर पाय आणून घेणे. अशा परंपरेत वाढलेला माणूस आपला सूर मोजमापासाठी दुसऱ्यापुढे ठेवतो, ही गोष्ट केवढ्या धाडसाची आहे, हे यावरून समजावे.

हे मोजमाप कशाचे, ते थोडे समजावून सांगतो. आपल्या प्रार्थनेस वाजणारी पेटी सर्वांच्या परिचयाची आहे. ती युरोपातून आली. तिकडच्या संगीतात अनेक माणसे एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात व चाल एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेतात. त्या सोयीसाठी सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडण्याची पद्धत तेथे रूढ झाली. आमचा गवई मात्र तंबोऱ्याच्या तारेशी आपला सूर जुळवून घेतो. ३६ इंच लांबीची तार छेडून तिला षड्ज मानावे. ती २४ इंचांवर दाबली की पंचम निघतो, १८ इंचांवर दाबली की वरचा षड्ज निघतो. षड्जाचे दर सेकंदास २४० कंप धरले, तर त्याच्याशी उत्तम मिळणारा गांधार ३०० कंपांचा होतो. पेटीचा गांधार ३०२ हून थोडा अधिक असतो. आणि पंचमांमागून पंचम घेत चढत गेल्यास जो गांधार हाती येतो, तो तीनशे पावणेचार, म्हणजे ३०३¾ कंपांचा असतो. नाव एक, पण सूर तीन! पंगतीत बसलेल्या साध्या माणसाच्या कानास हा फरक जाणवणारही नाही. पण तयार गवयाच्या कानास पेटीचा तो स्वर दातांखाली खडा यावा तसा खुपतो.

जुन्या संस्कृत ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या कोणत्या व कोठे, याचा शोध सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी चालविला होता. त्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास या प्रांतात ई. क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज डिस्ट्रिक्ट जज्ज होते. न्यायासनावरून उतरल्यावर त्यांचे ध्यान हिंदी संगीतात असे. या दोघांपाशी ग्रंथ होते, गणित होते, तारा होत्या. पण ज्याच्या सुरावर विसंबावे असा गळा नव्हता. तो गळा अब्दुल करीम खांसाहेबांनी दिला. त्यांनी सूर लावावा, त्यांच्या सुराशी तार जुळवावी, व तारेची लांबी मोजून आकडा मांडावा, असा तो उद्योग होता. क्लेमंट्स यांनी १९१३ साली हिंदी संगीताच्या परिचयाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या मदतीचा उल्लेख आहे. पश्चिम हिंदुस्थानची फिलहार्मोनिक सोसायटी या नावाची संस्थाही याच मंडळींच्या खटपटीने निघाली. बारांहून अधिक स्वर देणारी श्रुतींची पेटी क्लेमंट्स यांनी विलायतेत करवून घेतली. युरोपात जन्मलेले वाद्य येथील गळ्यास अनुसरून बदलावे, ही कल्पनाच आम्हांस मोठी मनोहर वाटते. एरवी बदलावे लागते ते येथल्यांनीच!

यात धोका कोणास होता, याचा विचार करावा. न्यायाधीशांचे मत चुकले असते तरी त्यांचे पद जात नव्हते. देवलांचा आकडा चुकला असता तर त्यांनी तो खोडून दुसरा लिहिला असता. परंतु गवई बेसूर आहे असे तारेने चारचौघांत सांगितले असते, तर खांसाहेबांपाशी दुसरे काय उरत होते? तरीही ते या परीक्षेस बसले. ज्यांची भाषा त्यांना येत नव्हती व ज्यांचे राज्य या देशावर होते, अशा लोकांच्या जिज्ञासेला त्यांनी संशयाने झिडकारले नाही.

हे सर्व प्रयत्न यशस्वी झाले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण खरे तेच सांगावे. १९१६ च्या मार्च महिन्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींची ही मांडणी व ती पेटी विद्वानांपुढे व गवयांपुढे आली, पण तीवर एकमत झाले नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांस ती मान्य नव्हती. जुन्या ग्रंथांतील श्रुती आजच्या रागांस अशा आकड्यांनी चिकटविता येत नाहीत, असा त्यांचा पक्ष होता. आमच्या मते भातखंड्यांच्या आक्षेपात पुष्कळ तथ्य होते. गाता गाता हलणारा सूर एका आकड्यात धरून ठेवणे कठीणच. ती पेटी पुढे प्रचारात आली नाही. तथापि इंग्रज, हिंदू व मुसलमान एका मंडपात बसून गांधार कोठे आहे यावर वाद घालीत होते, हे दृश्य त्या काळी काही रोजचे नव्हते.

खांसाहेबांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे आर्य संगीत विद्यालय. १९१० साली बेळगावास व १९१३ साली पुण्यास त्यांनी ते काढले. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेस आर्य हे नाव द्यावे, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. मुलांस ते घरी ठेवून घेत, जेवू घालीत, व खर्च भागविण्यासाठी तिकिटे लावून जलसे करीत. टिपू नावाच्या आपल्या कुत्र्यासही त्यांनी सुरात ओरडावयास शिकविले होते व लोकांपुढे ते करून दाखविले होते. आमच्या बालवाचकांस हा भाग सर्वांत आवडेल, याविषयी आम्हांस शंका नाही!

याच काळात घरात मात्र दुःख वाढून ठेवले होते. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या व खांसाहेब एकाकी पडले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांचीच मुले; सर्वांनी गाण्यात नाव मिळविले, पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांत बापाची सावली त्यांजवर नव्हती. कोणाची चूक किती, हे ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाही. खांसाहेबांच्या पुढच्या गाण्यात जी करुणा ऐकू येते, तिचे मूळ कित्येक रसिक येथे शोधतात.

उत्तरायुष्यात मिरज हेच त्यांचे घर झाले. तेथून ते वारंवार दक्षिणेत जात. म्हैसूर दरबाराने त्यांस संगीतरत्न ही पदवी दिली. उत्तरेचे गवई कर्नाटक संगीताकडे क्वचितच लक्ष देत. खांसाहेबांनी तिकडचे राग व सरगमाची रीत आदराने उचलली आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित करविली. तबकड्यांविषयी तर आणखी सांगावयास हवे. यंत्रात गायल्याने आवाज जातो, अशी समजूत गवयांत असता खांसाहेबांनी शतकाच्या आरंभीच ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी दिली. पुढे १९३० नंतरच्या दशकात ओडियन या मूळच्या जर्मन कंपनीच्या तबकड्यांवर त्यांनी तीन-साडेतीन मिनिटांत एकेक राग उभा केला. झिंझोटीतील त्यांची अशीच एक तबकडी गदगच्या एका मुलाने ऐकली व गाणे शिकण्यासाठी घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्यांस गुरू लाभले ते रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, खांसाहेबांचेच पट्टशिष्य. गंगूबाई हनगल व फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे आणखी शिष्य, आणि रोशनआरा बेगम यांनी तर खुद्द खांसाहेबांपाशी धडे घेतले. ही नावे नुसती वाचली तरी ती विद्या किती घरांत पोहोचली ते कळून येईल.

१९३७ च्या ऑक्टोबरात खांसाहेब मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली, म्हणून सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालण्यात आला. त्यांनी नमाज पढला, दरबारी रागात ईश्वराचे नाव आळविले आणि तेथेच देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबर. त्यांस मिरजेस मीरासाहेबांच्या आवारात मूठमाती मिळाली. त्या दर्ग्याच्या उरुसात ते हयातभर हजेरी लावून गात असत. त्यांच्या स्मरणार्थ दरसाल उरुसात तेथे गाण्याची बैठक भरते. चिंचेच्या झाडाखाली गवई बसतात, मिरजेच्याच कारागिरांनी घडविलेले तंबोरे जुळविले जातात, आणि ऐकावयास येणाऱ्यांस जात विचारली जात नाही की तिकीटही लागत नाही.