पोराच्या सायकलचा डायनामो काढला आणि जगाला मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मिळाली

२७ ऑक्टोबर २०२१ ला गुगल उघडलं तेव्हा डूडलमध्ये एक चष्मेवाले आजोबा दिसले असतील. बोटाच्या टोकावर लेन्स धरलेली. अनेकांनी बघितलं आणि पुढे स्क्रोल केलं. ते होते ओटो विख्टरले.

विख्टरले यांचा जन्म १९१३ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्त्येयोव गावचा. घरच्यांचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना होता, पण गडी केमिस्ट्रीकडे वळला. १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठांना टाळं ठोकलं, तेव्हा त्यांनी झ्लीनच्या बाटा कंपनीत संशोधनाची नोकरी धरली. होय, तीच आपली चपलांवाली बाटा. तिथे नायलॉनसारखा धागा तयार केला. मध्येच १९४२ मध्ये गेस्टापोने उचललं, काही महिने तुरुंगात काढले.

खरी गोष्ट सुरू होते १९५२ मध्ये, रेल्वेच्या डब्यात. ओलोमोउत्सहून प्रागला जाताना सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या आणि विषय निघाला डोळ्यात बसवायच्या धातूच्या भागांचा. विख्टरलेंना ते पटेना. शरीराचा मांसल भाग मऊ, लवचिक आणि पाण्याने भरलेला असतो. तिथे धातू कशाला? तसंच वागणारं प्लॅस्टिक बनवता येणार नाही का?

सहकारी द्राहोस्लाव लिम यांच्यासोबत त्यांनी ते बनवलंही. तेव्हाच्या कडक लेन्स ज्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या असत, त्याचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की याच्या साखळ्यांना पाणी आवडतं आणि त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळे पदार्थ पाणी पिऊन फुगतो, पण विरघळत नाही. भिजवलेला सब्जा आठवा. यालाच हायड्रोजेल म्हणतात. सुकल्यावर काचेसारखा कडक आणि भिजल्यावर त्याच्या वजनात जवळपास ४० टक्के पाणी. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो. जेलमधल्या पाण्यातून तो ऑक्सिजन डोळ्यापर्यंत पोचतो, ही यातली मोठी सोय.

पण घोडं अडलं लेन्स बनवण्यात. बंद साच्यातून काढताना कडा फाटायच्या. त्यात १९५८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्यांना विद्यापीठातून काढलं. नंतर विज्ञान अकादमीच्या नव्या संस्थेचं संचालकपद मिळालं, पण इमारतच तयार नव्हती. मग काय, घरीच काम सुरू!

१९६१ चा नाताळ. स्वयंपाकघरातलं टेबल. मेर्कुर नावाचा मुलांचा धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूंचा खेळ, पोराच्या सायकलचा डायनामो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. एवढ्यावर त्यांनी गरगर फिरणारे छोटे साचे उभे केले. ताक घुसळताना ते कडेने वर चढतं आणि मध्ये खळगा पडतो ना? तसंच द्रावण साच्यात फिरता फिरता त्याच आकारात घट्ट होतं. वेग बदलला की लेन्सचा आतला बाक बदलतो. त्या दिवशी चार लेन्स झाल्या. विख्टरलेंनी त्या स्वतःच्याच डोळ्यात घालून पाहिल्या. नंबर चुकला होता, पण टोचत नव्हतं.

पुढे डायनामो कमी पडू लागला म्हणून ग्रामोफोनची मोटर आली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत त्यांनी आणि पत्नी लिंडा यांनी तब्बल ५,५०० लेन्स बनवल्या. घरात!

आणि पैसे? अकादमीने १९६५ मध्ये पेटंटचे हक्क एका अमेरिकन कंपनीला विकले, विख्टरलेंना न विचारता. पुढे ते बॉश अँड लॉम्बकडे गेले, १९७१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि धंदा अफाट वाढला. ज्याच्या टेबलावर हे सगळं घडलं, त्याच्या हाती त्यातलं जवळपास काहीच आलं नाही. उलट १९६८ च्या प्राग स्प्रिंगला पाठिंबा दिला म्हणून १९७० मध्ये संचालकपद गेलं.

राजवट कोसळल्यावर मात्र १९९० मध्ये त्याच विज्ञान अकादमीने त्यांना अध्यक्ष केलं. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. १९९८ मध्ये स्ट्राझिस्को गावी त्यांचं निधन झालं. ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहाला आज त्यांचं नाव आहे.