ईश्वरचंद्र विद्यासागर

बंगालमधील वीरसिंह या खेड्यात २६ सप्टेंबर १८२० रोजी ईश्वरचंद्रांचा जन्म झाला. वडील ठाकुरदास बंदोपाध्याय कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. घरी दारिद्र्य होते. परंतु आई भगवतीदेवींच्या दारातून याचक कधी विन्मुख जात नसे. मातेची ही करुणा पुत्राच्या अंगी पुरेपूर उतरली.

बालपणी वडिलांबरोबर पायी कलकत्त्यास जाताना, वाटेवरील मैलांच्या दगडांवरून ते इंग्रजी अंक शिकले, असे सांगतात. १८२९ मध्ये ते तेथील संस्कृत कॉलेजात दाखल झाले. स्वयंपाक करावा, भांडी घासावी आणि मग रात्री उशिरापर्यंत अध्ययन करावे, असा त्यांचा क्रम होता. अनेक शास्त्रांत पारंगत झाल्यावर त्यांना 'विद्यासागर' ही पदवी मिळाली. १८५१ मध्ये ते त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. मुलांना मातृभाषा सुलभतेने शिकता यावी, म्हणून त्यांनी १८५५ मध्ये 'वर्णपरिचय' हे पुस्तक लिहिले.

त्या काळी लहान वयातच मुलींचे विवाह होत. पती निवर्तला, की कोवळ्या बालिकेच्या वाट्यास जन्मभराचे वैधव्य येई. हे दुःख पाहून विद्यासागरांचे अंतःकरण द्रवले. रूढीचे अभिमानी शास्त्राचा आधार सांगत. म्हणून त्यांनी शास्त्रेच धुंडाळली आणि पराशरस्मृतीच्या आधारे विधवाविवाह धर्मसंमत असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या अर्जावर सुमारे एक हजार सह्या झाल्या. विरोधकांच्या अर्जावर त्याहून कितीतरी अधिक होत्या. तथापि ते डगमगले नाहीत. २६ जुलै १८५६ रोजी विधवाविवाहाचा कायदा संमत झाला.

केवळ कायदा करून ते थांबले नाहीत. असे विवाह त्यांनी स्वतःच्या खर्चाने लावून दिले आणि त्यापायी कर्जाचा भार सोसला. त्यांनी मुलींसाठी पस्तीस शाळा काढल्या. सरकारने त्यांना कायम साहाय्य देण्याचे नाकारले. अशा मतभेदांमुळे १८५८ मध्ये त्यांनी मोठ्या वेतनाचे पद सोडले. १८७० मध्ये त्यांच्या एकुलत्या एक पुत्राने विधवेशी विवाह केला, तेव्हा आप्तांचा रोष पत्करूनही ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

त्यांच्या विचारांचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. विष्णुशास्त्री पंडित यांनी त्यांचा विधवाविवाहावरील ग्रंथ मराठीत आणला. २९ जुलै १८९१ रोजी विद्यासागरांचे निधन झाले. अफाट विद्या त्यांनी मानासाठी नव्हे, तर दुबळ्यांचे अश्रू पुसण्यासाठी वेचली. म्हणूनच लोक त्यांना दयेचा सागर म्हणू लागले.