बल्बवाल्या एडिसनची १० वर्षं एका बॅटरीनं खाल्ली होती

परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी म्हटलं की नृसिंहाचं मंदिर आठवतं. पण पोखर्णी असो की पुणे, लाईट गेली की इन्व्हर्टर आठवतो, आणि काही महिन्यांनी त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायचं कामही. मोबाईल आणि ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीत मात्र पाणी नसतं. त्यातलं द्रव पेट घेऊ शकतं. म्हणून सौरऊर्जा साठवायला पेट न घेणारी, पाण्यावर चालणारी बॅटरी बनवायचं काम आज जगभर सुरू आहे.

असंच वेड सव्वाशे वर्षांपूर्वी थॉमस अल्वा एडिसनला लागलं होतं.

११ फेब्रुवारी १८४७ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्म. शाळा जेमतेम काही महिने. लहानपणी रेल्वेत पेपर विकले, मग तार ऑपरेटर झाला. १८७७ ला फोनोग्राफ आणला, १८७९ ला टिकणारा बल्ब.

१९०० च्या आसपास अमेरिकेच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्या बऱ्यापैकी धावत होत्या. त्यांच्या बॅटरीत जड शिसं आणि ॲसिड असायचं. एडिसनला हे दोन्ही नको होतं. त्यानं एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड घेतलं आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साईड विरघळवलेलं पाणी. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही याच दिशेनं प्रयोग करत होता.

१९०३ ला बॅटरी बाजारात आली. जाहिरात जोरात झाली, पण बॅटऱ्या गळायला लागल्या, त्यांची ताकदही उतरू लागली. एडिसननं उत्पादन थांबवलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि स्वतःचा पैसा ओतून पुन्हा प्रयोग सुरू केले. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ उजाडलं. ती दणकट होती. जास्त चार्ज करा, पूर्ण उतरवा, तरी वर्षानुवर्षं चालायची.

पण तोवर वेळ निघून गेली होती. १९०८ ला फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ ला कॅडिलॅकनं बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आणली. तिचा स्टार्टर फिरवायला बॅटरी होती शिशाचीच! एडिसनची बॅटरी महाग होती आणि थंडीत ढेपाळायची.

अडचणीचं मूळ पाण्यातच आहे. जास्त व्होल्टेज दिलं की पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. म्हणून एडिसनच्या एका सेलला साधारण १.२ व्होल्टच मिळतात, लिथियमच्या सेलला ३.६ च्या आसपास. तेवढ्याच विजेसाठी बॅटरी जड होते. शिवाय हायड्रोजन बाहेर जायला वाट लागते. जानेवारी १९१६ मध्ये अमेरिकेच्या ई-२ पाणबुडीत एडिसनच्याच बॅटऱ्यांमधून निघालेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला, त्यात माणसं गेली. थोडक्यात, पाणी जळत नसलं तरी हवा खेळती ठेवावीच लागते.

गाडीत हरलेली ही बॅटरी खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वेच्या सिग्नलला मात्र टिकली. १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन गेला, पण त्याच्यानंतरही अमेरिकेत ती १९७० च्या दशकापर्यंत बनत राहिली.

आज हिशोब बदललाय. गाडीला बॅटरीचं वजन नडतं. दिवसाची सौर वीज रात्रीसाठी साठवणारी बॅटरी मात्र एका जागीच बसून असते. तिथं ती किती जड आहे यापेक्षा ती पेटत नाही आणि वर्षानुवर्षं चालते, हे जास्त महत्त्वाचं. एडिसनच्या बॅटरीकडे संशोधक पुन्हा वळलेत ते याचमुळे.