गाली-कुर्चीची नस

थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं की बाईला गळ्यावरच्या व्रणाची काळजी असतेच, पण त्याहून मोठी धास्ती असते ती आवाजाची. निफाडसारख्या गावात तर कितीतरी जणींचं सगळं आवाजावरच चालतं. कुणी शाळेत शिकवते, कुणी अंगणवाडी सांभाळते, कुणी बाजारात भाजी विकते, कुणी भजनी मंडळात वरच्या पट्टीत अभंग धरते. नाशिकला जाऊन तारीख घेतलेली असते आणि तेवढ्यात शेजारीण सांगून जाते, की अमकीचा आवाज बसला तो बसलाच. या धास्तीला डॉक्टरी पुस्तकांत एक चेहरा आहे. अमेलिता गाली-कुर्ची हे त्या गायिकेचं नाव.

अमेलिताचा जन्म १८ नोव्हेंबर १८८२ चा, इटलीतल्या मिलान शहरातला. ती शिकली पियानो, आणि त्यात तिला सुवर्णपदकही मिळालं. गाण्याचं शिक्षण मात्र तिनं बरंचसं स्वतःच स्वतःला दिलं. संगीतकार मास्कान्यी यांचं घरी येणंजाणं होतं, त्यांनी तिचा गळा ओळखला आणि गाण्याकडे वळ असं सुचवलं. मग पियानोवर बसून स्वर लावायचे, जुनी पुस्तकं वाचायची, ऐकायचं आणि पुन्हा गायचं. १९०६ मध्ये त्रानी या गावात व्हर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ ऑपेरात जिल्डाची भूमिका करून ती रंगमंचावर आली. आपल्याकडे तार सप्तकात दाणेदार तान घेणाऱ्या गायिकेचं जसं कौतुक होतं, तसं तिकडे अशा बारीक, उंच आणि चपळ आवाजाचं होतं. १९०८ मध्ये कुर्ची घराण्यातल्या एका चित्रकार उमरावाशी तिचं लग्न झालं. ते टिकलं नाही, पण आडनाव जोडलं गेलं ते कायमचं.

१९१५ मध्ये ब्यूनोस आयर्सला ती कारुसोबरोबर गायली. पुढच्या वर्षी, बरोबर आपल्या चौतिसाव्या वाढदिवशी, ती शिकागोच्या रंगमंचावर जिल्डा म्हणून उभी राहिली. अमेरिकेत तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्या एका प्रयोगानंतर तिचं नाव सगळीकडे झालं. व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांनी तिचा आवाज घरोघरी पोचवला. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामाची सुरुवातच तिच्या गाण्यानं झाली. त्याच वर्षी तिनं आपला पियानोवादक साथीदार होमर सॅम्युएल्स याच्याशी दुसरं लग्न केलं, आणि हा संसार मात्र सुराला सूर लावून झाला.

विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र कुरबुरी सुरू झाल्या. समीक्षक लिहू लागले, की आवाज सुरावरून खाली घसरतो, वरचे स्वर पूर्वीसारखे लागत नाहीत. १९३० मध्ये तिनं मेट्रोपॉलिटन सोडलं आणि फक्त मैफली करू लागली. तिच्या गळ्यात गलगंड होता. मोठी झालेली थायरॉइडची गाठ शेजारच्या श्वासनलिकेला दाबू शकते, आणि गाणाऱ्या माणसाचं भांडवल म्हणजे श्वास.

ऑगस्ट १९३५ मध्ये शिकागोत तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांचं नाव अर्नोल्ड केगल. नाव ओळखीचं वाटलं ना? बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहावा म्हणून ओटीपोटाखालच्या स्नायूंचे जे व्यायाम सांगतात, ते केगल व्यायाम याच डॉक्टरांचे, पुढे १९४८ मध्ये त्यांनी मांडलेले. अमेलिताला पूर्ण भूल दिली नाही, फक्त गळ्याचा भाग बधिर केला. रुग्ण जागा असला की आवाजावर लक्ष ठेवता येतं, हा त्याचा उघड फायदा.

या ऑपरेशनमध्ये भीती कशाची असते ते नीट समजून घेऊ. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राकडे एक नस जाते, ती स्वरतंतू उघडते-मिटते. तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या नसांना झाली तर श्वासही अडतो. दुसरी नस त्याहून बारीक, थायरॉइडच्या वरच्या टोकाला, तिथल्या रक्तवाहिन्यांना अगदी खेटून जाणारी. ती स्वरतंतू ताणणारा स्नायू चालवते. तिला धक्का लागला तर रोजचं बोलणं जवळजवळ ठीक राहतं, पण वरचा स्वर लागत नाही, लांबून हाक मारता येत नाही, आवाज लवकर थकतो.

नोव्हेंबर १९३६ मध्ये शिकागोलाच ती ‘ला बोहेम’मध्ये मिमीच्या भूमिकेत परत आली. ही भूमिका जिल्डापेक्षा खालच्या पट्टीतली. पूर्वीची जादू काही दिसली नाही, आणि थोड्याच काळात तिनं गाणं थांबवलं. बस, तेवढ्यावरून कथा तयार झाली, की सर्जननं ती बारीक नस कापली आणि सोन्यासारखा गळा गेला. पुढे सर्जन मंडळी त्या नसेला गाली-कुर्चीची नस म्हणूनच ओळखू लागली. २००१ मध्ये दोन सर्जननी जुनी वृत्तपत्रं चाळली, नातेवाइकांशी आणि परिचितांशी बोलून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की आवाजाची उतरण ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि नस कापल्याची कथा बहुधा खरी नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर बाईचा आवाज बदलतो हे कुणी बोलत नाही, डॉक्टरवर खापर फोडणं सोपं. पण या कथेचा एक उपयोग नक्की झाला. त्या नसेकडे बघायची सवय लागली.

ती सवय आज जास्तच लागते. पूर्वी रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधून मग कापत. आता बहुतेक ठिकाणी हार्मोनिक नावाचं हत्यार असतं, त्याचं पातं सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा थरथरतं आणि रक्तवाहिनी कापता कापताच बंद करतं. दुसऱ्या प्रकारात विजेच्या उष्णतेनं रक्तवाहिनी मिटवतात. रक्त कमी जातं, वेळ वाचतो. नीट वापरली तर दोऱ्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा नसेला जास्त इजा होते असं दिसलेलं नाही. पण नीट म्हणजे काय? कापून झाल्यावरही पातं काही सेकंद चांगलंच तापलेलं असतं. आपण उलथनं गॅसवरून काढलं म्हणून लगेच हातात धरत नाही, तसंच. म्हणून नस आधी डोळ्यांनी ओळखायची, पातं तिच्यापासून काही मिलिमीटर लांब ठेवायचं आणि थंड झाल्याशिवाय तिच्याजवळ न्यायचं नाही. वरच्या टोकाशी, म्हणजे गाली-कुर्चीच्या नसेपाशी, हे सगळ्यात अवघड, कारण रक्तवाहिन्या मिटवायच्या त्या नेमक्या तिथेच. काही ठिकाणी श्वासनळीत घातलेल्या नळीवरच्या तारांनी नस काम करते आहे का हे यंत्र सांगतं. यंत्र इशारा देतं, जपायचं सर्जननंच.

निफाडहून नाशिकला जाणाऱ्या मैत्रिणीनं डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: ऑपरेशनआधी स्वरतंतू तपासणार का, कोणतं हत्यार वापरणार, आणि माझं काम आवाजाचं आहे हे कागदावर लिहिलंत का? नंतर काही दिवस आवाज बसला तर लगेच घाबरू नये. भुलीच्या नळीनंही तो बसतो, आणि नुसती दुखावलेली नस बऱ्याचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. जास्त दिवस राहिला तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, आवाजाचे व्यायामही असतात.

अमेलिता आणि होमर दोघंही परमहंस योगानंदांचे शिष्य होते, क्रियायोग करत. योगानंदांच्या १९२९ मधल्या ‘व्हिस्पर्स फ्रॉम इटर्निटी’ या पुस्तकाला तिनं प्रस्तावना लिहिली होती. गाणं थांबल्यावर ती कॅलिफोर्नियात राहिली आणि काही जणांना गाणं शिकवलं. २६ नोव्हेंबर १९६३ रोजी ला होया इथे ती गेली, तेव्हा तिला ८१ वर्षं पूर्ण होऊन आठवडा झाला होता.