डॉ. बाबासाहेब आंबेडकर : शिष्यवृत्तीचे ऋण आणि हक्क

ज्ञातीच्या स्मरणिकेत परज्ञातीतील पुरुषाचे चरित्र का द्यावे, असा प्रश्न एखाद्या ज्ञातिबांधवाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या घरच्या जमाखर्चातच मिळते. जून आणि जुलै हे दोन महिने समुद्र बंद असतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणण्या-सांधण्यात पुरुष गुंतलेले, आणि मासळी नाही म्हणून बाजारात बसणाऱ्या बायकांची टोपलीही रिकामी. नेमक्या ह्याच दिवसांत महाविद्यालये उघडतात आणि प्रवेशाची फी भरण्याची वेळ येते. अशा वेळी कफ परेडच्या मच्छीमार नगरातील कित्येक घरांना सरकारी शिष्यवृत्तीचा व फीमाफीचा आधार वाटतो. हा आधार आकाशातून पडलेला नाही. तो एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातील अनुभवातून, अपमानातून आणि हिशेबी बुद्धीतून पुढे आकारास आला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. विद्येविषयी त्यांना विलक्षण आस्था होती. मातोश्री भीमाबाई मुलाच्या बालपणीच निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत ह्या बुद्धिमान मुलास इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची त्याला मुभा नसे. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. एवढ्याशा जागेत सारा संसार चाले, आणि तेथेच रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर दिव्याच्या उजेडात अभ्यास होई. पुस्तकांसाठी पैसे नसले म्हणजे सुभेदार आपल्या विवाहित कन्येकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. मुलांच्या शिक्षणासाठी अंगावरचे सोने सराफाच्या पेढीवर नेणाऱ्या आपल्या माताभगिनींना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. महार ज्ञातीतील मुलाने हा टप्पा गाठणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. ह्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. विद्यार्थिदशेतच रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. तो कोठे झाला हे आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे. मोठे कार्यालय घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून भायखळ्याच्या मासळी बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपून बाजार मोकळा झाल्यावर, रात्री हा मंगल विधी पार पडला.

भीमरावांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला खरा, परंतु थोड्याच काळात सुभेदारांची शक्ती संपली. अशा प्रसंगी केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांच्यापुढे ह्या विद्यार्थ्याची गोष्ट मांडली. आपल्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या ह्या राजाने मुलास भेटीस बोलाविले, काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. ह्या रकमेच्या बळावर भीमराव १९१२ साली अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. झाले. एल्फिन्स्टनची काळा घोड्याजवळची ती दगडी इमारत मच्छीमार नगरातून पायी गाठता येते. तेथे शिकलेल्या ह्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या २५ रुपयांपाशीच आपल्या विषयाचा आरंभ आहे.

१९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोद्याची नोकरी धरली. पण फेब्रुवारीत वडिलांचा अंत झाला आणि ते मुंबईस परतले. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांस अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले, आणि भीमरावांची त्यात निवड झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते. त्या बदल्यात, परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची चाकरी करण्याचा करार त्यांनी जून १९१३ मध्ये लिहून दिला. ह्या कराराचे दोन्ही अर्थ नीट पाहिले पाहिजेत. एका बाजूने तो एका राजाच्या उदारतेचा पुरावा होता. दुसऱ्या बाजूने ते एक बंधन होते, आणि ते पाळणे केवळ विद्यार्थ्याच्या इच्छेवर अवलंबून नव्हते.

अमेरिकेत त्यांनी अत्यंत काटकसरीने दिवस काढले. शिष्यवृत्तीतून वाचेल ते घरी रमाबाईंना पाठवावे आणि उरेल त्यात जुनी पुस्तके विकत घ्यावीत, असा त्यांचा क्रम होता. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली पुढील अभ्यासासाठी त्यांनी लंडन गाठले. तेथे अर्थशास्त्राच्या शाळेत व ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, संस्थानाकडून परत येण्याचा निरोप आला आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी यावे लागले. महायुद्धाचे ते दिवस होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते शत्रूच्या पाणतीराने बुडाले, आणि वर्षानुवर्षांचा तो संग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

करारानुसार ते बडोद्यास गेले. महाराजांचे लष्करी चिटणीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. मात्र कोलंबियाच्या ह्या पदवीधरास संपूर्ण बडोदे शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई कागद त्यांच्या हातात देण्याऐवजी दुरून टेबलावर टाकीत. एका पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तर काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारी येऊन उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ज्या राजाने त्यांना विद्येसाठी समुद्रापार पाठविले, त्याच राजाच्या राजधानीत त्यांना छप्पर मिळाले नाही. ते मुंबईस निघून आले. पुढे ह्याच शिष्यवृत्तीच्या रकमेची परतफेड करावी, असा तगादा संस्थानाच्या कचेरीकडून त्यांच्यामागे लागला. चाकरीचा करार मोडला हे कागदावर खरे होते. तो का मोडला, ह्यासाठी मात्र कागदावर रकाना नव्हता.

अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्याची आस काही सुटली नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसा साठविला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती ह्यांनी साहाय्य केले. नवल भाथेना ह्या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० साली ते पुनश्च लंडनला गेले. तेथे त्यांनी एम. एस्सी. व डी. एस्सी. ह्या पदव्या आणि बॅरिस्टरीची सनद मिळविली, आणि १९२३ साली ते परतले. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना रीतसर १९२७ साली प्राप्त झाली.

इतका प्रवास केलेल्या माणसाने स्वतःपुरता निष्कर्ष काढला असता तर तो एवढाच निघाला असता की, जगात भले लोक असतात. पण बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. त्यांनी ओळखले की, भल्या माणसाच्या मर्जीवर उभे असलेले शिक्षण त्या माणसाच्या खजिन्याबरोबर, आयुष्याबरोबर आणि त्याच्या कारकुनांच्या वृत्तीबरोबर डळमळते. केळुसकर गुरुजी भेटले नसते तर काय झाले असते? ज्यांना असे गुरुजी भेटत नाहीत त्या मुलांचे काय? म्हणून साहाय्य राहावे, पण ते कृपा म्हणून राहू नये. सरकारच्या अंदाजपत्रकात त्याचे सदर असावे आणि पात्र विद्यार्थ्याने ते मान खाली न घालता मागावे, ह्या दिशेने त्यांचे पुढील सारे कार्य झाले.

जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. १९२५ च्या आरंभी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाल्यावर शिक्षणावरील खर्चाचे आकडे मांडून त्यांनी मागासलेल्या वर्गांच्या वाट्याला किती थोडे येते हे दाखवून दिले. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. दलित वर्ग व आदिवासी जमाती ह्यांच्या स्थितीची पाहणी करून त्या समितीने १९३० साली जो अहवाल दिला, त्यात शिष्यवृत्त्यांची संख्या वाढविण्याची आणि वसतिगृहे काढण्याची शिफारस होती. मध्यंतरी ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक, आणि १९३५ ते १९३८ ह्या काळात प्राचार्य होते.

१९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांचा प्रवेश झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक सविस्तर निवेदन सरकारला सादर केले. उच्च शिक्षणाकरिता, विशेषतः विज्ञान व तंत्रविद्येकरिता, मध्यवर्ती सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. तीन लाख रुपयांची तरतूद मान्य झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. एका राजाच्या खाजगी उदारतेने शिकलेल्या विद्यार्थ्याने आता देशाच्या तिजोरीचे दार उघडले होते. काही वर्षांतच ह्या योजनेचा लाभ अनुसूचित जमातींस व नंतर इतर मागास वर्गांस मिळू लागला.

स्वतंत्र भारताची घटना तयार करण्याचे दायित्व मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर आले. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यावी, असे घटनेचे ४६ वे कलम सांगते. १९५१ साली मद्रासच्या एका खटल्यामुळे मागास वर्गांच्या शैक्षणिक सवलतींवर संकट आले. तेव्हा पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या कलमात चौथे उपकलम घालण्यात आले. त्या वेळी बाबासाहेब कायदेमंत्री होते. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या सर्व वर्गांसाठी खास तरतूद करण्यास त्या उपकलमाने राज्याला अधिकार दिला. आपल्या किनाऱ्यावरील कोळी समाजापर्यंत शैक्षणिक सवलतीची वाट पोचते ती ह्याच उपकलमातून. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने विशेष मागास प्रवर्ग निर्माण केला व त्यात कोळी आणि तत्सम जातींचा समावेश केला, त्यालाही आधार हाच.

सरकारवर सारे सोपवून ते स्वस्थ बसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. दिवसा नोकरी करून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय निघाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महानिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या सागरतीरावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? प्रथम हे की, शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यात कमीपणा नाही. तो भिक्षेचा कागद नसून हक्काचा कागद आहे. दुसरे असे की, हक्क असला तरी तो कागदावाचून चालत नाही, आणि बडोद्याच्या अनुभवाने दाखविल्याप्रमाणे कागदात जे नाही ते कचेरीला दिसत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच शाळेच्या दाखल्यावरील जातीची नोंद पाहावी. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी ह्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. किनाऱ्यावरील मच्छीमार कोळी विशेष मागास प्रवर्गात येतात. ज्याची जशी नोंद तशी त्याची योजना असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे वेळेपूर्वी तयार ठेवावीत. अर्ज शासनाच्या महाडीबीटी व्यवस्थेतून भरावा लागतो. रक्कम आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते, आणि दर वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. ते एक वर्ष विसरले तर मुलाची हुशारी कामास येत नाही. रक्कम पुष्कळदा उशिरा हाती येते. तेवढ्या काळात मूल महाविद्यालय सोडून होडीवर किंवा मोलमजुरीस जाऊ नये, ही काळजी घरच्यांनी व ज्ञातीने मिळून वाहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट ऋणाची. दहा वर्षांच्या चाकरीचा करार बाबासाहेबांना पुरा करता आला नाही. पण घेतलेल्या २५ रुपयांची आणि साडेअकरा पौंडांची फेड त्यांनी पुढच्या पिढ्यांतील असंख्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीने केली. सरकारी साहाय्याने शिकलेल्या आपल्या प्रत्येक पदवीधराने वस्तीतील एका तरी मुलाचा अर्ज स्वतः बसून भरून द्यावा. केळुसकर गुरुजींनी एका विद्यार्थ्यासाठी शब्द टाकला, त्याच जातीचे हे काम आहे, आणि ह्या महापुरुषास वाहावयाची आदरांजलीही हीच होय.